कमी पैशात घरच्या घरी स्पीकरची वायर: दुकानातून काय आणायचं आणि टोकं कशी बांधायची

होम थिएटरच्या डब्यात जी फुकटची वायर येती ना, तिचं प्लास्टिक सोलून बघा एकदा, आत तांबं शोधावं लागतंय. आणि दुसऱ्या टोकाला ऑनलाइन विकायला ठेवलेल्या कापडी जाळीच्या, सोनेरी पिनांच्या वायरी, ज्यांच्या पैशात अजून एक स्पीकर येईल. ह्या दोन्हीच्या मधला रस्ता लई सोपाय, फक्त कुणी सांगत नाही कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. साधी, जाड, खऱ्या तांब्याची वायर आणि दोन्ही टोकं घट्ट, बस. नवीन माणसाला सगळं नीट जमावं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हे डोक्यात बसवा की स्पीकरच्या वायरीचं काम एकच, अॅम्प्लिफायरमधून निघालेला करंट वाटेत न अडवता स्पीकरपर्यंत पोचवणं. वाटेत किती अडतोय ते वायरीच्या रेझिस्टन्सवर ठरतंय, आणि रेझिस्टन्स तीन गोष्टींवर: लांबी किती, जाडी किती, धातू कोणता. तांब्याचा हिशोब तोंडपाठ ठेवण्यासारखाय. १ स्क्वेअर एमएमची (म्हणजे तांब्याच्या कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ) १ मीटर वायर म्हणजे साधारण ०.०१८ ओहम, ओहम हे रेझिस्टन्सचं माप. करंटला जायला एक तार आणि यायला एक, म्हणून लांबी दुप्पट धरायची. म्हणजे ०.०१८ गुणिले लांबी गुणिले २, भागिले वायरीचं माप.

आता हे लावून बघू. बैठकीत टीव्हीखाली अॅम्प ठेवलाय आणि मागच्या भिंतीवरचा स्पीकर ६ मीटर लांब. डब्यातली बारीक वायर समजा ०.४ स्क्वेअर एमएमची आहे, तर अर्धा ओहम वायरीतच गेला. स्पीकर ८ ओहमचा असला तर एक वेळ चालून जातंय, पण आजकालचे होम थिएटरचे स्पीकर बरेचदा ४ ओहमचे किंवा त्याहून कमीचे, त्यात अर्धा ओहम म्हणजे जवळजवळ एक डेसिबल आवाज वायरीनंच खाल्ला, आणि स्पीकरचा रेझिस्टन्स वेगवेगळ्या सुराला वेगवेगळा असल्यामुळं खाताना सगळ्या सुरांना सारखं खात नाही, कुठं कमी कुठं जास्त. तेच ६ मीटर दीडच्या, म्हणजे दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीनं केलं तर ०.१४ ओहम. विषय संपला.

वायरीचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा, हा जुना आणि कामाचा ठोकताळाय. त्या हिशोबानं १ स्क्वेअर एमएमची वायर ४ ओहमच्या स्पीकरला साडेपाच मीटरपर्यंत आणि ८ ओहमला ११ मीटरपर्यंत चालती. दीडची वायर ४ ओहमला ८ मीटर, ८ ओहमला १६ मीटर. अडीचची ४ ओहमलासुद्धा १३-१४ मीटर जाती, म्हणजे आपल्या घरात एवढी लागतच नाही. बहुतेकांनी डोळे झाकून दीडची घ्यावी.

वायर कुठून आणायची

पहिल्यांदा घरातच बघा. घर बांधताना किंवा वायरिंग बदलताना उरलेली दीडची किंवा अडीचची वायर माळ्यावर पडलेली असती, वायरमननं अर्धवट सोडलेलं बंडल. तीच. ती काही "स्पीकर वायर" म्हणून विकत नाहीत, पण तांबं तांबंच असतं, त्याला काय माहीत आपल्यातून पंखा फिरायलाय का गाणं वाजायलंय. दीडच्या वायरीत बहुतेक ०.३ एमएमच्या २२ तारा असतात, स्पीकरच्या वायरीपेक्षा जरा ताठ, पण एकदा भिंतीला लावून टाकली की तिला वाकायचंय कशाला.

दुसरी जागा, आणि ही आपल्या मराठवाड्यात जवळपास प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी सापडती, ती म्हणजे बोअरच्या मोटारीची चपटी केबल. मोटार खाली सोडताना, पाणी खोल गेल्यावर जोड मारताना, तुकडे उरतातच. ५-१० मीटरचा तुकडा गोठ्यात नाहीतर स्टार्टरच्या पेटीजवळ टांगलेला असतो. लाल, पिवळी, निळी अशा तीन तारा, दीड, अडीच किंवा चारच्या मापात, बारीक तारांची म्हणून मऊ, वरचं आवरण जाड, आणि चपटी असल्यामुळं भिंतीला एकदम बसून राहती. स्पीकरला ह्यापेक्षा भारी वायर फुकटात मिळणार नाही. लाल तार प्लसला, निळी मायनसला, पिवळी मोकळी सोडा किंवा निळीसोबत जोडून मायनसला लावा, मायनसची जाडी दुप्पट होती. फक्त बोअरमधून निघालेला जुना तुकडा असंल तर टोकाला पाणी शिरून तांबं काळं पडलेलं असतं. एक-दोन फूट कापत जायचं, आत लालभडक तांबं दिसेपर्यंत. दोन-तीन फूट कापूनही काळंच निघत असलं तर तो तुकडा सोडून द्या.

विकतच घ्यायची तर इलेक्ट्रिकच्या दुकानात जा, ऑडिओच्या नाही. लातूरला गोलाईत, नांदेडला वजिराबादेत, नाहीतर तालुक्याच्या गावात मेन रोडला, सुट्टी मीटरवर देणारं दुकान बघायचं. बंडल ९० मीटरचं असतं, ते आपल्याला नको. दुकानदार "दीड एमएम" म्हणतो तेव्हा तो दीड स्क्वेअर एमएम म्हणत असतो, म्हणजे तारेच्या कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ, जाडी नाही. तुम्ही घरून फूटपट्टी लावून दीड एमएम जाडीची तार शोधत बसू नका. जुन्या दुकानात १४/३६, २३/३६, ४०/३६ अशी भाषा चालती, पहिला आकडा तारा किती आणि दुसरा तारेचा गेज. ३६ गेज म्हणजे ०.१९ एमएमची तार, त्यामुळं १४/३६ जेमतेम ०.४ स्क्वेअर एमएम भरती, २३/३६ पाऊणच्या थोडं खाली आणि ४०/३६ एकच्या थोडं वर. आपल्याला ४०/३६ च्या खाली जायचं नाही, आणि कुणी "सौंड वायर" म्हणून पारदर्शक प्लास्टिकची वायर पुढं केली तर तारा मोजा.

लाल एक, काळी एक, अशा दोन सिंगल वायरी घेतल्या तर मीटर दुप्पट लागतात हे दुकानात विसरू नका, ६ मीटरच्या एका स्पीकरला १२ मीटर.

खरं तांबं का पितळ उघडं पडतंय

बजेटचा सगळा खेळ इथंच हरतो. बाजारात अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली वायर धो-धो विकली जाती, पाकिटावर कधी बारीक अक्षरात सीसीए लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. दिसायला डिट्टो तांबं. रेझिस्टन्स मात्र तांब्याच्या साधारण दीडपट. म्हणजे तुम्ही दीडची म्हणून घेतली आणि हातात पडली एकची. आवाजात लगेच फार फरक कळंल असं नाही, पण ही तार दोन-चारदा वाकवली की तुटती, आणि स्क्रूखाली दबून हळूहळू ढिली होती. मीटरमागं चार पैसे वाचवायला ही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत, त्यापेक्षा खऱ्या तांब्याची एकची घ्या.

ओळखायचं कसं? एक तार सुटी करा, ब्लेडच्या पाठीनं खरवडा. आत पांढरी चकाकी दिसली की समजा अॅल्युमिनियम. तांबं कितीही खरवडलं तरी आतून लालच. उलटा प्रकारही असतो, वरून पांढरी आणि आतून लाल, तिला घाबरू नका, ती कल्हई केलेली तांब्याची वायर, चांगलीच असती.

लायटरवर एक तार धरली तरी कळतंय, तांब्याची तार लाल होऊन तशीच राहती, अॅल्युमिनियमची मलूल पडून वाकती, टोकाला गोळी होती. हे दुकानाबाहेर येऊन करा, आणि प्लास्टिक सोलून करा, नाहीतर धूर खाल.

मला सगळ्यात आवडलेली पद्धत मात्र वजनाची. तांबं अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड. दीडची एक मीटर तार म्हणजे १३ ग्रॅमच्या वर नुसतं तांबं, म्हणून २० मीटर सिंगल वायर घेतली तर आतलं तांबंच २७० ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे, प्लास्टिक वेगळं. शेजारच्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा असतोच, दोन मिनिटांसाठी ठेवू द्या म्हणा. प्लास्टिकसकट गुंडाळी २५० ग्रॅमसुद्धा भरली नाही तर एकतर माप खोटंय किंवा धातू. आयएसआयचा शिक्का आणि आयएस ६९४ हा आकडा वायरीवर छापलेला असंल तर बरंय, घरगुती पीव्हीसी वायरीचं तेच मानक, पण छापणाराही माणूसच असतो, काट्यावर ठेवून बघितलेलं बरं.

आता कुणीतरी म्हणणारच की "ऑक्सिजन फ्री कॉपर" पाहिजे. साध्या चांगल्या तांब्यात आणि त्यात वीज वाहण्याचा फरक एखाद्या टक्क्याचा. तो एक टक्का वायर अर्धा फूट कमी टाकून वसूल होतो. आणि स्किन इफेक्ट नावाचं भूतही दाखवतात, की वरच्या सुरांचा करंट तारेच्या कातडीतूनच जातो. २० किलोहर्ट्झला ती "कातडी" जवळजवळ अर्धा एमएम जाड असती, आणि दीडच्या वायरीच्या मध्यापासून बाहेरपर्यंतचं अंतरच ०.७ एमएम. मग राहिलं काय?

माप आणि पीळ

सुतळी घ्या आणि वायर जशी जाणार तशीच भिंतीच्या कडेनं, चौकटीवरून फिरवून मोजा, हवेत सरळ रेषेत नाही. दोन्ही टोकांना एक-एक फूट जास्त धरा, पुढं टोक खराब झालं की कापून नवं सोलायला तेच कामाला येतं. डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अगदी सारख्याच लांबीच्या पाहिजेत असं काही नाही, दीडच्या वायरीत मीटर-दोन मीटरच्या फरकानं कानाला काही कळत नाही, उगीच जवळच्या स्पीकरमागं वेटोळं घालून ठेवण्यात अर्थ नाही.

दोन सिंगल वायरी असतील तर त्यांना पीळ द्यायचा. तो सुंदर दिसतो म्हणून नाही फक्त, दोन तारा जवळजवळ राहिल्या की इंडक्टन्स (वरच्या सुरांना वायरीत होणारा अडथळा) कमी राहतो आणि झाडू मारताना एक इकडं एक तिकडं लोंबत नाही. दोन्हींची एक बाजू खिडकीच्या गजाला बांधा, दुसरी बाजू ड्रिल मशीनच्या तोंडात पकडा, वायर ताणून धरा आणि मशीन एकदम हळू फिरवा. पिळल्यावर लांबी कमी होती, म्हणून दहातला एक हिस्सा जास्तीचा ठेवा. बोटभर अंतरात एक पीळ पडला की थांबा. लगेच सोडू नका, थोडं आणखी ताणून मग सोडा, नाहीतर सगळं उलटं फिरून गुंता. ड्रिल नसलं तर दोघांनी दोन टोकं धरून हातानं पिळलं तरी होतंय, पोरांना हे काम लई आवडतं.

इंटरनेटवाल्यांनी किंवा कॅमेरेवाल्यांनी टाकून दिलेली कॅट फाइव्ह केबल असली तर तीही चालती. आत आठ तारा असतात, एकेक ०.२ स्क्वेअर एमएमची. चारही जोड्यांमधल्या रंगीत चार तारा एकत्र करून प्लस, पांढऱ्या पट्ट्याच्या चार एकत्र करून मायनस, झाले ०.८. जवळच्या स्पीकरला पुरे. पण ह्यातही तांब्याचा मुलामावाली लई असती, खरवडून बघा. आणि जास्तीच्या नादात चार-पाच केबली वेणीसारख्या विणू नका, कपॅसिटन्स (दोन तारांमध्ये चार्ज साठण्याचा गुण) वाढतो आणि काही अॅम्पना ते झेपत नाही.

टोकं, खरं काम इथंय

ढिलं टोक असंल तर वरची सगळी मेहनत पाण्यात. साधारण १० ते १२ एमएम सोला, जास्त सोललं तर उघडं तांबं बाहेर राहतं आणि शेजारच्या पिनेला चिकटलं की शॉर्ट. ब्लेडनं सोलणार असाल तर गोल फिरवून हलकी खूण करा आणि नखानं प्लास्टिक ओढून काढा, आरपार दाबलं तर आतल्या तारा कापल्या जातात, २२ मधल्या पाच-सहा गेल्या तर दीडची वायर घेऊन काय उपयोग. मग तारा एका दिशेनं घट्ट पिळा, एकही तार बाजूला उभी राहायला नको.

पुढं काय करायचं ते तुमच्या अॅम्पच्या मागं काय आहे त्यावर. दाबायची स्प्रिंगची क्लिप असंल तर अडीचची वायर तिच्या भोकात जातच नाही, हे आधी बघून घ्या, दीडची बहुतेक जाती. तिथं टोकाला हलकं सोल्डर मारलं तर तारा फाकत नाहीत, सरळ आत जातात. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. आधी तांबं गरम करा, मग सोल्डर तांब्यालाच लावा, आयर्नला नाही, तारांत शिरून चकचकीत दिसलं की झालं. खरबरीत गोळा बसला असंल तर पुन्हा गरम करा.

स्क्रूखाली वायर दाबायची असंल तर मात्र सोल्डर मारू नका. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं आणि सहा-आठ महिन्यांनी स्क्रू ढिला. तिथं नुसत्या पिळलेल्या तारा किंवा पक्कडीनं दाबलेला यू लग (यू आकाराचं धातूचं टोक) लावा, इलेक्ट्रिकच्या दुकानात सुट्टे मिळतात. लग दाबल्यावर वायर धरून ओढून बघा, निघाली तर दाबलीच नव्हती.

गोल फिरवायच्या टर्मिनलच्या मागच्या बाजूला भोक असंल तर ४ एमएमची बनाना पिन बसती. आवाज सुधारत नाही तिनं, सोय होती. अॅम्प सारखा काढा-घालायचा असंल तरच घ्या, नाहीतर उघडी तार त्याच टर्मिनलमध्ये घट्ट आवळली तर पिनेपेक्षा कणभरही कमी नाही, उलट एक जोड वाचतो. शेवटी श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवा आणि लायटर लांबून फिरवा, ती नसंल तर चांगली टेप. लाल-काळ्या वायरी नसतील, दोन्ही एकाच रंगाच्या असतील तर एकीच्या दोन्ही टोकांना आत्ताच लाल टेप मारा, नंतर मारू म्हणलं की विसरलंच.

चालू करायच्या आधी

अॅम्पचा प्लग बोर्डातून काढलेला, वायर दोन्हीकडून मोकळी. मल्टिमीटर बझरवर ठेवा. लाल टोक ते लाल टोक बीप यायला पाहिजे, काळं ते काळं पण. लाल ते काळं बीप आलं तर कुठंतरी शॉर्टय, तशीच लावली तर अॅम्पचा आउटपुट उडू शकतो आणि दुरुस्तीचं बिल ह्या सगळ्या वायरीपेक्षा जास्त येईल. आता फक्त स्पीकर जोडा आणि अॅम्पकडच्या टोकाला ओहम मोजा. ८ ओहमच्या स्पीकरला ६ च्या आसपास दिसंल, ४ ओहमच्याला साडेतीनच्या आसपास, घाबरू नका, मीटर डीसीवर मोजतो म्हणून कमीच दाखवतो.

प्लस-मायनस पटवायला घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्या. अॅम्पकडच्या टोकाला सेलचा प्लस लालला, मायनस काळ्याला, क्षणभर टेकवा. वूफरचा पडदा बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलटं. दोन्ही स्पीकर सारखे वागले पाहिजेत. एक सरळ आणि एक उलटा लागला की बास गायब होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधून न येता सगळीकडून आल्यासारखा वाटतो, लोक मग वायरीला नावं ठेवत बसतात.

भिंतीवर टाकताना

पत्र्याचं घर असंल तर वायर पत्र्याला चिकटवून नेऊ नका. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच ४२-४३ डिग्री होतंय, पत्र्याचं विचारूच नका, पीव्हीसी कडक होऊन तडकतं. भिंतीच्या खालच्या कडेनं केसिंग पट्टीतून न्या, उंदरांपासूनही थोडं वाचतं, धान्याची पोती असलेल्या खोलीत तर पट्टी पाहिजेच. लाइटच्या वायरीच्या पाइपातून स्पीकरची वायर ओढायची नाही, कितीही सोपं वाटलं तरी. गुणगुण यायचा प्रश्न नाही तेवढा, पण आत कुठं इन्शुलेशन घासलं तर २३० व्होल्ट सरळ तुमच्या अॅम्पवर आणि तुमच्या हातावर.

आणि एक सवय आपल्याकडं मंडपवाल्यांपासून घरापर्यंत पसरलीय, स्पीकरच्या वायरीला लाइटची टू पिन लावायची, कारण ती स्वस्त आणि सगळीकडं मिळती. कृपा करून हे करू नका. घरात कुणीतरी पाहुणा, लहान पोरगं ती पिन बोर्डात घालणारच एक दिवस, स्पीकर तर जळंलच पण उघड्या टोकाला हात लागला तर माणूस जाईल. आधीच लावलेली असंल तर आज कापा.

मंदिरावरच्या भोंग्यांना किंवा सप्ताहाच्या मंडपातल्या लांब लायनीला हा लेख लावू नका. त्या अॅम्प्लिफायरच्या मागं ७० व्होल्ट, १०० व्होल्ट अशा पट्ट्या असतात, भोंग्यात ट्रान्सफॉर्मर असतो, व्होल्टेज जास्त आणि करंट कमी म्हणून तिथं बारीक वायर लांबवर चालती, पण चालू असताना उघड्या टोकाला हात लावला तर चांगलाच झटका बसतो. ते काम साउंडवाल्याचंच.

लावून झाल्यावर महिनाभरानं एकदा सगळे स्क्रू पुन्हा आवळा, तारा दबून जागा झालेली असती. मग दसऱ्याची साफसफाई निघाली की टोकं बघायची, तांबं काळं-हिरवं पडलेलं दिसलं तर एक इंच कापून नवं सोला, सुरुवातीला जास्तीचा ठेवलेला फूट त्यासाठीच.